मधली ओळ

मंदीत लूम मिस्त्रीला काम नसतं, असं लोकांना वाटतं. मला तर त्या दीड-दोन वर्षांत धड एक दिवस घरी बसायला मिळालं नाही. फक्त कामाची जात बदलली. आधीची तीसेक वर्षं मी बंद पडलेले लूम चालू करून देत होतो. त्या काळात मी चालू लूम बंद करून खोलायला लागलो.

भिवंडीबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. लूम म्हणजे कापड विणायचं यंत्र. उभे धागे ताणून धरलेले असतात आणि त्यांच्यामधून धोटा आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळत असतो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. धोटा लाकडाचा, पण दोन्ही टोकांना लोखंडी नाक. त्याला फटका देणारी काठी थोडी ढिली झाली की तो मधेच अडकतो आणि दोन-चारशे धागे तोडतो, नाहीतर सरळ बाहेर उडतो. उडालेल्या धोट्याने डोळा गेलेले दोन कारागीर मला माहीत आहेत. हे होऊ नये म्हणून मिस्त्री लागतो. एक कारागीर आठ लूम सांभाळतो आणि एक मिस्त्री पाच-सहा कारखाने. आम्ही कारखाना म्हणतो, पण तो पत्र्याचा लांब गाळाच असतो. दारात उभं राहून कान दिला की कुठला लूम आजारी आहे ते मला कळायचं. यात कौतुकाचं काही नाही. आईला पोरांचा खोकला ओळखता येतो, तसंच ते.

मंदी भिवंडीला नवीन नाही. दर चार-पाच वर्षांनी सूत महागतं, कापडाला उठाव राहत नाही, शेठ लोक कपाळाला हात लावतात आणि मग सगळं परत सुरू होतं. त्या वेळी ते सुरू झालं नाही. आधी रात्रपाळी गेली. मग आठवड्याचे सात दिवस पाचावर आले, पाचाचे तीन झाले.

रात्रपाळी जाण्याचा पहिला फटका बसला तो झोपेला. कारागिरांच्या एका खोलीत बारा-चौदा जण राहत. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच्याच चटईवर रात्रपाळीवाला आडवा व्हायचा. पाळी एकच उरली तेव्हा सगळ्यांच्या झोपेची वेळ एक झाली, आणि खोलीत माणसं मावेनात. निम्मे जण गल्लीतल्या ओट्यांवर झोपायला लागले. कारागिरांच्या खानावळीला आमच्याकडे भिस्सी म्हणतात. भिस्सीवाल्या बाईने आधी मटणाचा वार बंद केला, मग अंड्याचा. वरणात दुधी वाढत गेला आणि डाळ कमी होत गेली. कोणी तक्रार केली नाही, कारण बाईही त्यातलंच जेवत होती.

आणखी एक गोष्ट लक्षात राहिली. लूमच्या आवाजात आयुष्य काढलेली माणसं मोठ्याने बोलतात. लूम बंद पडले तरी महिनाभर ती तशीच ओरडून बोलत होती, चहाच्या टपरीवर समोरासमोर बसूनसुद्धा. मग हळूहळू आवाज खाली आले. अकलोलीच्या गरम कुंडांवर मी गुडघ्यांसाठी अधूनमधून जातो. तिथे त्या वर्षी भिवंडीचे इतके कारागीर दिसले की विचारू नका. चाळीस वर्षं पाठ दुखत होती, शेकायला सुट्टी मिळाली नव्हती. आता सुट्टीच सुट्टी होती.

त्या काळातली एक वेगळीच मागणी सांगतो. एका शेठने मला बोलावलं. नाव सांगत नाही, त्यांची मुलगी आता सुखात आहे. म्हणाले, "मिस्त्री, रविवारी मुलीला बघायला मालेगावहून पाहुणे येणार. अकरा ते एक सगळे लूम चालले पाहिजेत." मी म्हटलं, उभ्या धाग्यांचा बीम नाही, सूत नाही, चालवू काय? म्हणाले, "रिकामे चालव. घर कारखान्याच्या वरच आहे, खाली आवाज झाला म्हणजे झालं." मी सोळा लूम रिकामे चालवले. पाहुणेही लूमवालेच होते. त्यांतले म्हातारे आजोबा चहा पिता पिता जिना उतरून खाली आले, माझ्याशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "धोट्यात धागा नाही वाटतं." आवाजावरून ओळखलं त्यांनी. मी मान खाली घातली. ते म्हणाले, "घाबरू नकोस बाबा. आमचेही असेच पडलेत." वर जाऊन त्यांनी लग्न पक्कं केलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं तिच्याकडे येतो.

हनीफशेठचा कारखाना मी सगळ्यांत जास्त वर्षं सांभाळला. शेठ इथल्या जुन्या कोकणी घराण्यातले. बोलणं साधं, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. त्यांच्याकडे चोवीस लूम होते, आठ-आठच्या तीन ओळी. भिंतीकडची ओळ सगीरचाचांची, मधली मल्लेशची आणि दाराकडची नसीमची. सगीरचाचा उत्तर प्रदेशातले, साठीला आलेले. मल्लेश पस्तिशीचा. त्याचे आजोबा तेलंगणातून हातमाग सोडून इथे आले होते. त्याला तेलुगू घरापुरती यायची, बाकी सगळं मराठी. नसीम पंचविशीचा, एकटा जीव.

एका सकाळी शेठने मला ऑफिसात बसवलं.

"मिस्त्री, एक ओळ कमी करायची," ते म्हणाले. "आठ लूम भंगारात देतो. त्यात बाकीच्या सोळांना वर्षभर जगवता येईल. कुठली ओळ काढायची ते तू बघून सांग. माझ्या मनाने काढली तर म्हणतील, शेठने माणूस बघून काढलं. तू मशीन बघून सांग."

मी हो म्हटलं. मशीन बघणं हेच माझं काम होतं. बाहेर पडल्यावर डोक्यात आलं की ओळ जाणार म्हणजे त्या ओळीवरचा माणूस जाणार.

मी दोन दिवस तपासलं. जमीन सपाट आहे का ते पाणसळ लावून बघितलं, प्रत्येक दांडा हाताने फिरवून बघितला. निकाल स्पष्ट होता. भिंतीकडची ओळ सगळ्यांत वाईट. तिथली जमीन खचली होती, बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, फ्रेम कलल्या होत्या, दोन लूमचे मुख्य दांडे वाकलेले होते. मधली ओळ सगळ्यांत चांगली. ती मी स्वतः तरुणपणी बसवली होती आणि मल्लेशने तिला जपलं होतं. तो सुट्टीच्या दिवशीही येऊन तेलपाणी करायचा. गंमत अशी, की कापड सगळ्यांत चांगलं यायचं ते सगीरचाचांच्या ओळीवरून. वाईट लूमकडून चांगलं काम करून घेणं हीच त्यांची सगळी विद्या होती.

तपासणी कशासाठी चालली आहे ते तिघांनाही कळलं होतं. नसीमने विचारून टाकलं, "मिस्त्री, मेरा नंबर है क्या? बता दो, बाइक का लोन देखता हूँ." दुसऱ्या दिवशी मल्लेशचे आठही लूम पुसून चकचकीत केलेले होते. सगीरचाचा एवढंच म्हणाले, "तीन नंबर का पट्टा बदल दो, मिस्त्री. जितने दिन चले, ठीक से चले." मी पट्टा बदलून दिला.

शेठला तिसऱ्या दिवशी सांगायचं होतं. आदल्या दुपारी मी भिवंडीजवळच्या शेलार गावात घरी होतो. मी शेलारचाच, आगरी. अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी लावत होतो, तेवढ्यात मल्लेशची बायको पद्मा आली. ती कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसते ती दोऱ्याची नळी भरायची. भिवंडीहून भर उन्हात चालत आली होती. माझ्या बायकोने, सुमनने, तिला पाणी दिलं.

ती कशाला आली असेल ते मला कळल्यासारखं वाटलं. मी आधीच म्हटलं, "पद्मा, मशीन जसं असेल तसंच मी सांगणार. पण तू काळजी करू नकोस."

"म्हणजे ह्यांची ओळ राहणार?"

"मी तसं म्हटलं नाही. पण काळजी करू नकोस."

तिने पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "काका, ह्यांची ओळ तोडायला सांगा."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. आमचे कान तसेही अधूच.

"राहू द्या म्हणतेस ना?"

"नाही. तोडा म्हणते." तिचा आवाज अजिबात हलला नाही. "माझा भाऊ मानकोलीला गोडाऊनमध्ये आहे. तिथे माणसं घेतायत, भरती ह्या महिन्यापुरतीच. मी ह्यांना हात जोडले. म्हणतात, विणकराच्या घरात जन्मून खोकी उचलू का? लूम आहे तोवर हे हलणार नाहीत. शेठ आज आठ तोडतात, वर्षाने सोळा तोडतील. तेव्हा हे अजून म्हातारे असतील आणि मानकोलीत जागा नसेल. दोन मुली आहेत मला."

मी म्हटलं, "त्याची ओळ सगळ्यांत चांगली आहे. तीस वर्षांत मशीनबद्दल मी खोटं बोललेलो नाही."

"मशीनला काय वाटणार आहे, काका?"

उठताना ती म्हणाली, "मी आले होते हे त्यांना कळू देऊ नका. कधीच." मी शब्द दिला. सुमनने तिला रिक्षाने जा म्हणून सांगितलं. ती चालतच गेली.

ती गेल्यावर सुमन म्हणाली, "मी न्हाय आली असती. येवडा धीर न्हाय माझ्यात."

"मग मी काय करू?"

"तुमचा तुमी बगा. पन ती खोटं न्हाय बोलली."

माझ्या मनात काय चाललं होतं ते आज नीट सांगता येत नाही. सगीरचाचांना साठाव्या वर्षी कुठलंही गोडाऊन घेणार नव्हतं, हे मला दिसत होतं. मल्लेशला घेणार होतं, हेही दिसत होतं. हिशोब माणसांचा केला तर उत्तर एक येत होतं आणि लोखंडाचा केला तर दुसरं. शेठने मला लोखंडाचा हिशोब करायला सांगितलं होतं. तेवढ्यापुरता माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी शेठने तिघांना बोलावलं आणि त्यांच्यासमोरच मला विचारलं. मी म्हटलं, "मधली ओळ."

शेठने चष्मा काढला. "मधली? पक्कं?"

"पक्कं. फ्रेम कलल्यात. खालची जमीन खचलीय. दोन दांडे वाकलेत. पुढच्या वर्षी दुरुस्तीला परवडणार नाही."

मी जे दोष सांगितले ते सगळे खरे होते. फक्त ते भिंतीकडच्या ओळीचे होते.

मल्लेश म्हणाला, "काका, मधली? माझी?" मी मान डोलावली. तो म्हणाला, "तुम्हीच दिवाळीत म्हणाला होतात, असे लूम भिवंडीत उरले नाहीत."

"तेव्हा पाणसळ लावली नव्हती," मी म्हटलं.

काम गेल्याचं दुःख मल्लेशच्या चेहऱ्यावर नंतर आलं. आधी दिसला तो अपमान. ओळ खराब म्हणजे ती सांभाळणाराही खराब, असंच आमच्या धंद्यात समजतात. हे मला आधी सुचायला हवं होतं. सुचलं नव्हतं. पद्मालाही सुचलं नसावं.

संध्याकाळी टपरीवर सगीरचाचा माझ्याशेजारी येऊन बसले. चहा अर्धा पिऊन झाल्यावर म्हणाले, "मिस्त्री, वो जो बीमारी तुमने गिनाई, वो तो सारी मेरे लूम की थी."

"हां."

"मुझ पे एहसान किया?"

"नहीं चाचा."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. लूमवरची माणसं ऐकण्याऐवजी ओठ वाचतात, त्यामुळे त्यांच्याशी खोटं बोलणं कठीण असतं. शेवटी म्हणाले, "तो ठीक है." पुन्हा हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

ओळ तोडायला दोन दिवस लागले. भंगारवाल्याची माणसं घण घेऊन आली होती. बीड ठिसूळ असतं, चार घावांत फ्रेम फुटते. मी त्यांना आधी सुटे भाग काढू द्या म्हणून थांबवलं. दांडे, चाकं, काठ्या, जे जे चांगलं होतं ते काढलं आणि नंतर महिनाभर थोडं थोडं करून भिंतीकडच्या ओळीला बसवलं. शेठने ते पाहिलं. खराब ओळीतून इतके चांगले भाग कसे निघाले, हे त्यांनी विचारलं नाही. मल्लेश पहिल्या दिवशी दारात उभा राहून बघत होता. दुसऱ्या दिवशी आला नाही. महिना संपायच्या आत तो मानकोलीला लागला, हे मला पद्माच्या भावाकडून कळलं.

त्यानंतर मल्लेशने माझ्याशी बोलणं टाकलं. रस्त्यात दिसलो की तो दुसऱ्या बाजूला बघायचा. एका लग्नात समोरासमोर आलो. मी हाक मारली, तो ताट घेऊन दुसऱ्या पंगतीत गेला. पद्मा भेटली की नमस्कार करायची आणि लगेच नजर वळवायची. मी ते चालवून घेतलं. शब्द दिला होता.

बाकीचे सोळा लूम शेठने ठरवल्याप्रमाणे वर्षभर जगवले. पुढे जमलं नाही. शेवटची ओळ खोलताना शेठ माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चांगली ओळ आधी गेली, नाही का रे?" मी पाना खाली ठेवला. माफी मागायला तोंड उघडलं, तर हाताने थांबवलं. "राहू दे. त्या वेळी भंगाराला भाव तरी होता." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्या जागी आता दुकानांचे गाळे आहेत. शेठ त्यांच्या भाड्यावर जगतात आणि मला दर ईदला शीरखुर्मा पाठवतात. नसीमने बाइक घेतली, तो पार्सलं पोहोचवतो. सगीरचाचा गावी गेले. वर्षभर जास्त काम मिळालं त्यात त्यांनी धाकट्या मुलीचं लग्न केलं, असं फोनवर सांगितलं.

मी निवृत्त झालो, म्हणजे कोणी बोलवेनासं झालं. मागच्या वर्षी एक दिवस पद्मा परत घरी आली, या वेळी रिक्षाने. तिच्या थोरल्या मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला होता, पेढे घेऊन आली होती. पेढे दिल्यावरही बसून राहिली.

"काका, तुम्ही सांगा त्यांना आता," ती म्हणाली. "सगळं सांगा. मी आले होते तेही. मला सांगवत नाही."

"रागावेल तुझ्यावर."

"रागावू देत. अजून जेवताना मधेच थांबतात."

मी मानकोलीला गेलो. मोठं गोडाऊन, दारात कंटेनरची रांग. मल्लेश आता तिथे दहा-बारा माणसांवर देखरेखीला आहे, गळ्यात ओळखपत्र. मला बघून परत फिरणार होता. मी म्हटलं, "पाच मिनिटं दे. मग आयुष्यभर बोलू नकोस." त्याची जेवणाची सुट्टी होती. आम्ही गेटबाहेरच्या टपरीवर बसलो आणि मी जसं घडलं तसं सांगितलं. पद्माचं उन्हातून चालत येणं, तिने काय मागितलं, मी शेठला काय सांगितलं, ते दोष कुणाचे होते.

माझं संपल्यावर त्याने विचारलं, "म्हणजे माझी ओळ?"

"सगळ्यांत चांगली होती. मी बसवलेल्या ओळींत सगळ्यांत चांगली."

"आणि चाचांची?"

"सगळ्यांत वाईट."

"कापड तर त्यांचंच चांगलं यायचं," तो म्हणाला. मग ग्लासातला चहा संपवला. मी शिव्या ऐकायच्या तयारीने बसलो होतो.

"तिला मी किती वेळा सांगितलं असेल," तो शेवटी म्हणाला. "जेवताना, बाजारात जाताना, पोरींच्या समोर. ओळ खराब नव्हती म्हणून. ती दर वेळी म्हणायची, हो, नव्हती. मला वाटायचं, समजूत काढतेय माझी."

त्याने खिशातून फोन काढला, स्क्रीनकडे बघितलं आणि परत खिशात ठेवला.

"तिच्याशी घरी गेल्यावरच बोलतो," म्हणाला आणि ड्युटीवर गेला.